पाय न टेकता खालापूर

कर्जतहून खालापूरपर्यंत एकदाही पाय न टेकता सायकल मारणारा माणूस आमच्या क्लबात एकच आहे, आणि तो मी, असं त्या रविवारी सकाळी मी घरात जाहीर केलं. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर भाऱ्यांसाठी पेंढ्याचे बंध वळत बसले होते. "रेडिओवर सांगतील मग," एवढंच ते म्हणाले.

साल अठ्ठ्याहत्तर. कोजागिरी होऊन गेलेली, हळवं भात कापणीला आलेलं, सकाळी दव आणि दुपारी टाळकं तापवणारं ऊन. क्लब म्हणजे आम्ही चार जण आणि एक पंप. आमचा कप्तान कमळाकर. त्याने नवा नियम काढला होता: वाटेत पाय टेकला तो बाद.

चौक गावाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच माझ्या बहिणीचं, जयवंताचं सासर. तिचं आणि आबांचं दोन वर्षं बोलणं बंद. तिच्या पोराच्या बारशाला आबांनी आपल्या बापाचं नाव सुचवलं, सासरच्यांनी सिनेमातलं ठेवलं. आबा भरल्या ताटावरून उठले ते उठलेच. ती म्हणे आबांनी बोलवावं, आबा म्हणत तिनं यावं. भाऊबीजेला मी एकटाच जाऊन ओवाळून घ्यायचो. परत आलो की आबा विचारायचे, "पोरगं चालाय लागलं का रं?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "नको सांगू. मला काय करायचंय."

तर त्या दिवशी चढाला माझा दम उखडला आणि बाकीचे तिघे मला टाकून पुढे निघून गेले. टोपी वाऱ्याने उडते म्हणून मी ती खिशात कोंबलेली, अंगात पांढरं बनियन. जीव खाऊन पायडल मारत जयवंताच्या दारासमोर आलो, तर तिची सासू अंबाबाई तांब्या घेऊन अंगणात उभी.

"आरं दादा, पानी तरी पी."

"नको मावशी, थांबता येत नाय."

"आबा बरं हायत ना रं?"

हा प्रश्न तिने विचारला हे मला नंतर कळलं. वाऱ्यात मला वाटलं, ती बाकीच्यांची चौकशी करतेय. "गेले!" मी ओरडलो. "मघाशीच गेले!" आणि वळण घेतलं.

आता आपली भाषाही अशी. तीन टोणगे सायकलवरून पुढे गेले तरी 'गेले', आणि एका वडीलधाऱ्याबद्दल मानाने सांगायचं तरी 'गेले'च. त्यात आमच्याकडे मौतीचा सांगावा घेऊन निघालेला माणूस बोडक्या डोक्याने येतो, दारात टेकत नाही, पाण्याला शिवत नाही, तसाच पुढच्या गावाला जातो. मी यातलं काहीही करायचं बाकी ठेवलं नव्हतं.

खालापूरला मी शेवटचा पोचलो, पण पाय न टेकता. भजी खाल्ली, पाठ थोपटून घेतली. परतताना जयवंताच्या दाराला कडी दिसली. कापणीला गेली असतील, म्हटलं. ती चौकला टेंपो ठरवायला गेली होती.

कर्जत जवळ आलं तसा मागून तो टेंपो रडत आला. म्हणजे आतली माणसं रडत होती. वर दोन हिरवे बांबू आणि एक मडकं. कोण बरं गेलं गावात, म्हणून मी मागे मागे गेलो, तर टेंपो आमच्याच दारात थांबला. आबा? सकाळी तर चांगले होते. सायकल तिथंच टाकून मी धावलो.

जयवंता गळा काढतच उतरली. "आबा वो, माझ्याशी न बोलताच कसं गेलात वो..."

आबांनी ओट्यावरून मान वर केली. हातात बंध तसाच. "कोन गेलं?"

तिने पदराने डोळे पुसून परत बघितलं. "तुमी," म्हणाली.

बांबू उतरवणारे तिथंच थिजले. "ऱ्हाऊ द्या रं ते वरच," अंबाबाई हळूच म्हणाली.

आबा लेकीकडे वळले. "मेलो म्हनून आलीस. जिता होतो तवा नाय आलीस."

"तुमी बोलावलंत का कदी?"

मग दोघंही लहान पोरांसारखी रडली. मलाही रडू आलं, पण सगळे माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते, म्हणून मी पंप आत ठेवायला गेलो.

आईने मोठं पातेलं चढवलं. नातू दुपारभर ओट्यावर पेंढा उधळत होता आणि आबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. संध्याकाळी टेंपो निघाला, कापणी खोळंबली होती. आबा रस्त्यापर्यंत गेले. पण "परत ये" काही त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि तिनेही "या" म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी मी सायकल काढली, तर आबा जवळ आले.

"जयूच्या दारावरनंच जानार ना?"

"हो."

"म्हातारी पानी देईल."

"हो आबा. आता थांबतो, पाणी पितो, सगळं नीट सांगतो."

आबांनी खाली बघत चाकाची हवा दाबून पाहिली. "नको थांबू," ते म्हणाले. "तसाच जा."