बापूंचे बेचाळीस चौकोन

बापूंच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा 'या, बसा' वगैरे काही झालं नाही. आतून एकदम ओरडा आला, "मास्तर! भिंतीकडंनं! भिंतीकडंनं या!"

मला वाटलं, खोलीत साप निघालाय. पाठ भिंतीला लावून, खेकड्यासारखा आडवा सरकत मी कशीबशी खुर्ची गाठली. तिथून बघतो तर साप नाही की विंचू नाही. खोलीभर हात-हात लांबीरुंदीचे राखाडी लोकरी चौकोन एकाला एक खेटून अंथरलेले, आणि त्यांवर गुडघे टेकून, हातात कपड्यांचा ब्रश घेऊन बसलेले बापू.

"कारपेट हाय," बापू म्हणाले. "पर फरशीवानी. एकेक सुटी निघतीया. पोरानं मुंबैस्नं धाडल्यात."

ही ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीला तोवर सारवलेली जमीन आणि शहाबादी फरशी एवढंच ठाऊक होतं. बापूंचा मुलगा अनिल मुंबईत ऑफिसं सजवायची कामं घ्यायचा. तिकडं उरलेल्या या फरशा त्यानं ट्रकवाल्याबरोबर पाठवल्या होत्या. मी समोरच्या घरात भाड्यानं राहणारा, प्राथमिक शाळेतला मास्तर. शेवटच्या बाकावर कोण चिंच चोखतोय हे फळ्याकडं तोंड करून सांगणारा माणूस. गल्लीतलं काहीही माझ्या नजरेतून सुटत नाही असा माझा लौकिक होता, आणि तो पसरवला बहुतेक मीच होता.

बापूंनी तीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकरचं काम केलं होतं. लोखंड ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो बनवणारे हे. नमुना चुकला की लोखंड चुकलं. त्यामुळे सगळं आयुष्य सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "सुतात पायजे!" हे त्यांचं पालुपद. भाकरी सुतात पायजे, मिशी सुतात पायजे. गणपतीच्या मांडवाचा खांब दोन सूत कललाय म्हणून त्यांनी मंडळाकडून खड्डा परत खणून घेतला होता. असला माणूस रिटायर झाला आणि त्याच्या हातात बेचाळीस चौकोन पडले. मग काय विचारता!

प्रत्येक फरशीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर. दुसऱ्यांच्या भिंतीवर कॅलेंडर असतं, तिथं बापूंच्या खोलीचा नकाशा. फरशी चिकटवायला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन, तेही कोपऱ्याला एकच थेंब. "समदी चिकटवली तर डाग पडल्यावर उपसनार कशी?" केरसुणीला सक्त मनाई. केरसुणी लोकर उपटते म्हणे. रोज सकाळी ब्रश, तोही ठरल्या दिशेनंच.

चहा सांडला तर काय करायचं यावर ते मला अर्धा तास शिकवणी द्यायचे. आधी जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. मग रिठ्याचा फेस, कडेनं मध्याकडं. "मदनं कडंला गेलासा की डागाचा गाव हुतो, मास्तर." मग फरशी सावलीत, पालथी, आणि कोपरे वळू नयेत म्हणून चारी टोकांना पाण्यानं भरलेले तांबे. परत बसवताना पाठीवरचा बाण बघायचा. लोकर कुठल्या अंगाला कलते ते दाखवणारा बाण कारखान्यातच छापून येतो. "बान बगितल्याबिगर फरशी भुईला लावायची न्हाय!" हे बोलताना ते बोट असं रोखायचे की, जणू मी फरशा चोरायलाच आलोय.

मी हे सगळं गल्लीत रंगवून रंगवून सांगायचो. तालमीतला दगडू पैलवान एकदा घोट्यापर्यंत तांबडी माती घेऊन बापूंना भेटायला गेला. बापूंनी त्याला दोन वर्तमानपत्रं दिली. एकावर उभं राहायचं, दुसरं पुढं टाकायचं, त्यावर जायचं, मागचं उचलायचं. एवढा शंभर किलोचा गडी भिंतीच्या कडेकडेनं तसा चालला. खुर्चीपर्यंत पोचला तेव्हा म्हणाला, "बापू, कुस्तीत बी एवढा दमलो न्हवतो की वो."

गंमत म्हणजे, भिंतीकडेनं गेलं तर बापूंची काही तक्रार नसायची. जपायचे ती मधली ओळ. स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत सरळ, आणि तिची एक फांदी खाटेकडं. तिथं परक्यानं पाय ठेवायचा नाही. "ती वळ घरच्या मान्साची," बापू म्हणायचे.

"घरात माणसं दोन," मी एकदा चिडवलं. "त्यातलं एक कायम गुडघ्यावर. मग चालतं कोण?"

"मी की!" बापूंच्या पत्नी, गल्लीच्या काकी, आतून हसल्या. "रानीसरकार!"

आणि खरंच राणीसारख्याच यायच्या त्या. अनवाणी, सावकाश, मान ताठ, हातात चहाचा ट्रे. मी उंबऱ्याबाहेर चपला काढतोय तोच आतून हाक, "आलासा व्हय मास्तर? चपलंला तेल घाला, लई करकरतीया." हल्ली त्या दारात निवडत-टिपत बसायच्या नाहीत, बाजारालाही जायच्या नाहीत. मी सगळ्यांना सांगून टाकलं, पाय मळतील म्हणून बापू त्यांना घराबाहेर सोडत नाहीत.

दिवाळीच्या आधी अनिलचं पत्र आलं. बापूंनी ते मला दाखवलं नाही, पण बातमी दिली. "आमास्नी कायमचं मुंबैला न्यायचं म्हनतोय. येतो, दोगांचं हितं कसं चाललंय ते सोता बगतो, आन् मग ठरवतो, म्हन्ला."

"मला न्हाई जायचं," काकी आतून म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "चौथ्या मजल्यावर मला बसवून ठेवशीला. हितं माजी चूल मला ठाव हाय."

दुसऱ्या दिवसापासून बापूंचा ब्रश सकाळ-संध्याकाळ फिरायला लागला. मी म्हटलं, "पोरगा काय फूटपट्टी घेऊन येणार आहे?" बापू ब्रश घेऊन पुढच्या फरशीवर सरकले.

अनिल यायच्या दिवशी बापू त्याला आणायला स्टँडवर गेले. मी त्यांच्या घरी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. पान उलटताना कोपर लागलं आणि अर्धा कप चहा मधल्या ओळीवर! अंगाला घाम फुटला. काकी आत कढईपाशी होत्या. पण शिकवणी पाठ होती ना! टिपलं, मोरीतून रिठ्याचं पाणी आणलं, कडेनं मध्याकडं फेस फिरवला, फरशी उपसून पंख्याखाली धरली आणि एस.टी. उशिरा आली म्हणून वाचलो. नंबर सोळा जागच्या जागी, अगदी सुतात. डाग औषधालासुद्धा नाही. बाणाची आठवण मला नंतर झाली, आणि मी मनात म्हटलं, मरू दे, वरून कुणाला दिसतोय?

बापलेक आले. अनिल बाहेरच्या दाराशी खुर्चीत बसला. बोलणं प्रवासाचं चाललं होतं, पण त्याचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडं होतं.

"अगं, चा आन," बापू म्हणाले. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.

काकी आल्या. अनवाणी, सावकाश, मान ताठ. एक फरशी, दोन, तीन. सोळा नंबरवर पाय पडला आणि त्या थांबल्या. पायाचा अंगठा लोकरीवरून इकडं-तिकडं फिरला. मग त्या हळूच वळल्या आणि सरळ खाटेच्या लोखंडी पायाकडं चालू लागल्या. ट्रेमधले कप वाजले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते कशाकडंच बघत नव्हते.

बापू अर्धवट उठले होते. हाक मारली तर पोराला सगळं कळणार, नाही मारली तर बायको पडणार.

शेवटच्या बाकावरची चिंच ओळखणाऱ्या माझ्या लक्षात तेव्हा सगळं आलं. मला माझीच लाज वाटली. मी त्या मधल्या ओळीवर धाडकन पाय टाकून गेलो आणि ट्रे धरला. "काकी, द्या. मी देतो."

पण अनिल आधीच आईच्या पायांकडं बघत होता. तो उठला, गुडघे टेकले, सोळा नंबर उपसला. बाण बघितला, तो आडवा होता. मग पुढची फरशी, मागची, बाजूची. त्या ओळीतले बाकी सगळे बाण स्वयंपाकघरापासून दाराकडं, बाजूचे सगळे आडवे. त्यानं लोकरीवरून तळहात फिरवला. इकडून मऊ, तिकडून खरखरीत.

"बापू..." एवढंच म्हणाला तो.

"भायेर येताना मऊ लागतंय, आत जाताना खरखरीत," बापू खाली बघत म्हणाले. "वाट सुटली की आडवं लागतंय, म्हनून आत्ता वळली ती. पायाला कळतंय तिच्या. साखरंनं डोळं गेलं, डाक्टरनं हात टेकलं. तुला निम्मंच सांगितलं हुतं मी. कुनाचा हात धरून चालायचं न्हाई म्हनती ती. आन् परक्याच्या पायानं लोकर दबली, की तिला वाट घावत न्हाय."

अनिलनं सोळा नंबर फिरवला, बाणाला बाण लावला, बसवला, कोपरे दाबले. बापूंचा ब्रश घेऊन लोकर उभी केली. मग परत खुर्चीत बसून म्हणाला, "आई, आता ये."

काकी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागं गेल्या आणि निघाल्या. मोकळ्या हातानं, भराभर, कुठंही न थांबता थेट त्याच्या खुर्चीपर्यंत. हात पुढं केला तो बरोबर त्याच्या डोक्यावर. अनिलनं तो धरून ठेवला. मुंबईचा विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही, आणि पुढंही कधी काढला नाही.

मी हळूच निघायला लागलो.

"मास्तर," काकी म्हणाल्या, "मगाशी रिठ्याचा वास आलता. चा तुमीच सांडला न्हवं?"

"व्हय काकी," मी म्हटलं. "चुकलो."

"असू द्या. पर जाताना भिंतीकडंनं जावा."

मी पाठ भिंतीला लावली आणि खेकड्यासारखा आडवा सरकत निघालो. एक हात भिंतीला होता, दुसऱ्यानं डोळे पुसत होतो.