शेवटच्या फाटकावरचा वॉचमन

आमच्या घरमालकांनी लिहिलेल्या कादंबरीतला गुप्तहेर शत्रूच्या तळात शिरण्याआधी फाटकावरच्या नोंदवहीत सही करतो. नाव, गाव, गाडी नंबर, आत जायची वेळ, सगळं. ‘कुणाला भेटायचं’ या रकान्यात तो ‘वैयक्तिक’ असं लिहितो आणि मगच भिंतीला चिकटून सावलीसावलीनं आत सरकतो. मी म्हटलं, “अहो अण्णा, हा गुप्तहेर आहे. चोरून जातो तो.”

“जाऊ दे की चोरून. पर नोंद न करता कसा जाईल?” अण्णा म्हणाले. “फाटकावरल्या मान्साची नोकरी जाती त्यात.”

बाळूअण्णा म्हणजे हिंजवडीजवळच्या जांबे गावातले आमचे मालक. दहा खोल्या, त्यांत हिंजवडीला कामाला जाणारी आम्ही पंधरा-सोळा पोरं. त्यांनी स्वतः हिंजवडीतल्या एका कंपनीच्या फाटकावर चौदा वर्षं वॉचमन म्हणून काढली. नोकरी सुटली, फाटक सुटलं नाही. आमच्या खोल्यांच्या फाटकाशीही त्यांनी खुर्ची टाकली आणि नोंदवही ठेवली. भाजीवालीला त्यात अंगठा उठवावा लागे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, देवळात जाऊन आल्या तरी नोंद. “चौदा वर्षांत डोळा लागला न्हाई माझा ड्यूटीवर,” हे वाक्य त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सहा-सात वेळा ऐकवलं होतं.

मी एका गेमच्या कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दिवसभर गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधून लिहून काढायच्या. दार उघडलं पण हिरो दारातून न जाता भिंतीतून गेला, की लिहा. या कामानं माणसाला जी एक खोड लागते, ती मला पुरती लागलेली आहे. कुणाच्या लग्नपत्रिकेतही मला आधी चूक दिसते. या खोडीचा मला तेव्हा अभिमान होता.

माझी खोली वरची. ती अण्णांच्या मुलाची, नितीनची. त्याचा कॉम्प्युटर अजून तिथंच होता, काकूंच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेला. एका रविवारी सकाळी अण्णा चहा घेऊन वर आले आणि म्हणाले, “टेस्टर, ह्ये चालू करून दाव बरं. आमचा नित्या काय खेळायचा त्ये बघायचंय.”

नितीन खेळायचा ती एका गुप्तहेराची मालिका होती, पाच भागांची. त्यात मारामारी कमी. अंधारातून जायचं, भिंतीला पाठ लावायची, पहारेकऱ्यांची नजर चुकवायची. दिसलात की गजर वाजतो आणि खेळ संपतो. मी खेळू लागलो, अण्णा खाटेवर बसून बघू लागले, आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी पहारेकऱ्यांची बाजू घेतली.

“ह्येला कुनी ठिवला ड्यूटीवर? धा पावलं जातुया, धा पावलं येतुया. मागं वळून बघाय काय हुतंय?” दुसरा एक जण भिंतीकडे तोंड करून उभा होता. “ह्यो घरी भांडून आलाय.” मी एकाला मागून धरून बेशुद्ध पाडलं, तर त्याला ओढत नेऊन आडोशाला नीट आडवा करेपर्यंत अण्णांनी मला पुढं जाऊ दिलं नाही. “उघड्यावर नगं टाकू. त्याच्यामागं बी बायकापोरं असतील.”

असे आमचे बरेच रविवार गेले. पाचही भाग संपले, तेव्हा अण्णांनी जाहीर केलं की यावर आपण कादंबरी लिहिणार. कशासाठी, ते त्यांनी लपवलं नाही. “नित्याला धाडायची. माझ्याशी बोलत न्हाई त्यो. पर ह्ये वाचंल. त्याच्या खेळाचं हाय न्हवं?”

नितीनची गोष्ट साऱ्या जांब्याला ठाऊक होती, आणि गाव ती चवीनं सांगायचं. त्याला गेम बनवायचे होते, हैदराबादच्या एका कंपनीनं बोलावलंही होतं. अण्णांचं म्हणणं, इथंच राहा, वर आणखी मजला चढवू, लग्न कर. एका रविवारी दुपारी मुलीकडचे पाहुणे यायचे ठरले. पोरगा निसटू नये म्हणून अण्णा सकाळपासून फाटकाशी खुर्चीत पहारा देत बसले. आणि भर दुपारी नितीन मागच्या टाकीवरून उतरून, अण्णांच्या अंगावरून गेल्यासारखा फाटकातून बाहेर पडला. अण्णांना झोप लागली होती. चौदा वर्षं जागलेला वॉचमन स्वतःच्या दारात घोरला, म्हणून अजूनही पारावर त्यांची टिंगल व्हायची. अण्णा मान खाली घालून ऐकून घ्यायचे. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. नितीन काकूंशी फोनवर बोले; अण्णांनी फोन हातात घेतला की तो कट होई.

तर कादंबरी. अण्णांनी ती शिल्लक राहिलेल्या कोऱ्या नोंदवह्यांत लिहिली, रकान्यांची पर्वा न करता आडवी. हिरोचं नाव विक्रम. शत्रूचा तळ जवळच्याच रिहे गावातल्या एका फार्महाऊसमध्ये. “तितं बंद फाटकामागं काय चालतंय, कुनाला कळतंय?” विक्रम कुणालाही मारत नाही, आधी “जेवलास का?” असं विचारतो आणि मग तंबाखूतून गुंगी देतो. प्रकरणं संपतात ती पहारा बदलताना. एका प्रकरणात सगळा थरार बाजूला ठेवून, रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, वेळेवर न आल्यानं वॉचमनचे काय हाल होतात यावर चार पानं आहेत.

ती पानं मी ऑफिसच्या कँटीनमध्ये आवाज काढून वाचून दाखवली. सगळे पोट धरून हसले. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मीही हसलो होतो, आणि संध्याकाळी अण्णांसमोर बसून गंभीर चेहऱ्यानं ‘छान जमतंय’ म्हटलं होतं.

अण्णा मात्र मला फार मानायचे. “तू टेस्टर हायस. चूक दिसली की सांग, भीड धरू नगं.” मी भीड धरली नाही. लाल पेन घेऊन बसलो.

शेवटच्या प्रकरणात विक्रम नकाशा पळवून इमारतीतून मागच्या बाजूनं बाहेर पडतो. टाकीवरून उतरताना त्याच्या पिशवीचा बंद नळाला अडकतो. दोन मिनिटं तो सोडवत राहतो. फाटकावरच्या वॉचमनला तो उघड्या डोळ्यांनी दिसतो, पार डोक्यापासून पायापर्यंत. आणि वॉचमन काय करतो? समोरच्या वहीत बघत बसतो, विक्रम बाहेर जाईपर्यंत मान वर करत नाही. वहीत नोंदही करत नाही.

मी समासात लिहिलं : ‘गंभीर चूक. हिरो दिसला, तरी गजर नाही. कारण दिलेलं नाही. नोंदही नाही.’ अण्णांना समजावून सांगितलं. “खेळाचा नियमच आहे ना अण्णा, दिसला की संपला. असा वॉचमन असूच शकत नाही. त्याला सरळ झोपलेला दाखवा.”

अण्णांनी ते पान परत वाचलं. “झोपलेला दावू?”

“पटेल वाचणाऱ्याला.”

“बरं,” ते म्हणाले. “झोपवतो त्याला.” आणि ते पान त्यांनी शिवणीपासून हळूच फाडलं, घडी करून खिशात ठेवलं आणि नवीन लिहिलं. मी सगळी कादंबरी टाइप केली, काकूंकडून नितीनचा मेल पत्ता घेतला आणि पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मी अंगणात उभा राहून अण्णांना आणि काकूंना वाचून दाखवलं. ‘वाचली. नोंदवही भारी. नळाला बंद अडकतो तो सीनही मस्त, त्या दिवशी माझाही अगदी तसाच अडकला होता! आणि शेवटी वॉचमन झोपलेला, हा हा. अण्णांना सांग, ओळखला.’

“हा हा आसं लिवलंय?” अण्णांनी विचारलं. “दोनदा?”

“दोनदा.”

अण्णा एवढे खूष झाले की काकूंना परत चहा टाकायला लावला. मी मात्र फोन धरून तसाच उभा राहिलो. झोपलेल्या माणसाला पिशवीचा बंद अडकलेला कसा दिसला? लोकांच्या चुका शोधून पोट भरणारा मी. कादंबरीतलं एकच खरं पान माझ्या हातात होतं, आणि मी ते चूक म्हणून फाडायला लावलं. पोराला जे सांगायचं होतं तेवढ्यासाठीच तर त्यांनी पाच वह्या भरल्या होत्या.

काकू आत गेल्यावर मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही जागे होतात.”

त्यांनी खुर्ची फाटकाकडे वळवली.

“ते पान द्या. मी आजच पाठवतो. माझी चूक झाली, असं लिहितो वर.”

“नगं.” त्यांनी माझा फोनचा हात खाली केला. “बापाला चकवून गेलो, ह्याच जोरावर तितं उभा ऱ्हायलाय त्यो. आता म्याच सोडला म्हनून कळलं, तर काय ऱ्हायलं त्याचं? लिवताना वाटलं सांगावं. तू पान काढलंस त्ये एका परीनं बरंच झालं.” मग म्हणाले, “बंद अडकला तवा उटलो व्हतो मी खुर्चीतनं. सोडवावा म्हनलं. मग बसलो परत.”

मला बरं वाटावं म्हणून त्यांनी ते ‘बरंच झालं’ म्हटलं असेल, असं मला आजही वाटतं. मला बरं वाटलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी बदली घेतली आणि खोली सोडली. टेम्पो भरून झाल्यावर अण्णांनी रिवाजाप्रमाणे वही पुढं केली. सही करण्याआधी मी खालच्या जुन्या वह्या काढून त्या रविवारचं पान शोधलं. पाहुण्यांच्या नोंदी होत्या, येण्याजाण्याच्या वेळांसकट. त्यांच्या वरच्या ओळीत होतं : नितीन, दूध घेऊन आला, आत साडेआठ. बाहेर जायच्या वेळेचा रकाना कोरा होता. त्या सगळ्या वह्यांत तेवढाच एक.

“हे राहिलं का, अण्णा?” मी विचारलं. माहीत असून विचारलं.

अण्णांनी ती वही माझ्याकडून घेतली आणि मिटली.

“तू तुझी येळ लिव,” ते म्हणाले. “त्याची ऱ्हाऊ दे. परत आला तर नवी नोंद करायला नगं.”