जांभळा दुखवटा

बादलीतून ब्लाउज बाहेर आला तो जांभळा. लमदुअनने तो उलटून पाहिला, उन्हात धरून पाहिला, शिव्या घालून पाहिला. जांभळा तो जांभळाच.

थायलंडचा राजा गेल्यापासून सगळ्या देशाला दुखवट्याचं काळं हवं होतं आणि बाजारात काळी चिंधीसुद्धा मिळत नव्हती. दुपारी सरपंचांची बस बँकॉकला, राजवाड्यावर अंत्यदर्शनाला निघणार होती आणि लमदुअनला जायचंच होतं. आईने देवाशेजारी लावलेला राजाचा फोटो ती इतकी वर्षं पुसत आली होती. आता शेवटचं वाकायलाही मिळू नये?

"काळजी कशाला करतेस? मी रंगवतो की," म्हणत नवऱ्याने, प्रयुनने, कुठल्याशा पुडीतला रंग कालवला, तिचे सगळे कपडे त्यात बुचकळले आणि गळ घेऊन पसार झाला. असल्या माणसांना 'मी करतो की' म्हणायला कोण शिकवतं, कोण जाणे!

अंगावर उरला होता लाल फुलांचा झगा. दुखवट्यात लाल घालून दाराबाहेर पडायची सोय नव्हती. नाइलाजाने तिने ओलं जांभळंच चढवलं आणि उसनं काळं मागायला शेजारी गेली.

"अगं बाई!" चुएनमावशीच्या हातातली पळी पडली. "प्रयुन गेला?"

"गेला! तळ्यावर गेला मेला!" लमदुअन फणफणली.

"तरीच जांभळं! नवरा गेल्याशिवाय कोण बाई दुखवट्याला जांभळं घालते!" मावशीने हंबरडा फोडला.

गल्ली गोळा झाली. राजासाठी सगळे आधीच काळ्यात आणि रडवेले. आणखी थोडं रडायला कोणाला जड गेलं नाही. "अहो, जिवंत आहे तो!" लमदुअन ओरडली.

"धक्का बसलाय बिचारीला," बायका म्हणाल्या.

टीव्हीवर राजासाठी देशोदेशीचे शोकसंदेश येत होते, लमदुअनच्या फोनवर प्रयुनसाठी. तैवानच्या कारखान्यातला पुतण्या हुंदके देत होता. मलेशियाहून नणंदेने विचारलं, "वहिनी, दादा शेवटचं काय बोलला गं?"

"'काळजी कशाला करतेस' म्हणाला!" लमदुअन किंचाळली. नणंदेला आणखीच भरून आलं.

तेवढ्यात सरपंच आले. "बसमध्ये काळ्याशिवाय कोणी चढायचं नाही, असं मीच सांगितलंय. पण नवरा गेलेल्या बाईला कसं अडवू? पुढची सीट तुझी, पोरी."

लमदुअनने उघडलेलं तोंड मिटलं आणि ती मुकाट्याने बसमध्ये जाऊन बसली.

बस हलणार तोच हातात मासे लोंबकळवत प्रयुन समोर उभा! "भूत!" मावशी किंचाळली.

"भूत कसलं? बस कुठे चालली?" प्रयुनने विचारलं.

सरपंचांचा पारा चढला. "लमदुअन, नवरा चांगला धडधाकट आहे की! आणि तू जांभळं घालून राजापुढे जाणार? उतर खाली!"

"नाही उतरत!" तिने खिडकीतून प्रयुनकडे असं पाहिलं की मासे त्याच्या हातातून गळाले. "सरपंचकाका, बस सोडा. परत आले की याला मारणारच आहे मी. कपडे तेवढे आधी घातलेत."

सरपंचांनी तिच्या डोळ्यांत एकदा पाहिलं आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.