माशाच्या शेपटीचा घोडा

मानसिंगच्या सिनेमाच्या तंबूत माणूस मावेना आणि खेळाची पेटी मात्र वाडी जंक्शनला जाऊन बसली. सोलापूर स्टेशनावर उतरवायची ती हमालांनी उतरवलीच नाही. पेटीबरोबरचा एक लहानसा डबा तेवढा हाती लागला. त्यावरचा कागद निघून गेलेला. आत कसलं चित्र आहे कुणालाच ठाऊक नाही.

"हुसेनसाब, हेच लावतो," मानसिंग म्हणाला. "तुमी सांगा कायतरी."

"काय सांगू? मी बघितलंय काय ते?"

"तुमी कशाला बघाया पायजे? लोकं बघतील की. तुमी निस्तं सांगा!"

हुसेनसाबांचं कामच सांगण्याचं होतं. मोठ्या शहरांत बोलपट सुरू झाले होते, पण गड्ड्याची जत्रा उठली तरी मैदानात तळ ठोकून राहिलेल्या या तंबूत पडदा अजून मुकाच होता. पडद्याशेजारच्या स्टुलावर उभे राहून हुसेनसाब खड्या आवाजात गोष्ट सांगत. सीता रडली की त्यांचा गळा दाटे, लंका पेटली की त्यांची दाढी थरथरे. पण पुढं काय होणार हे त्यांनाच माहीत नाही, अशी वेळ आजवर आली नव्हती.

दिवे मालवले. तिप्पण्णानं यंत्राचा दांडा फिरवायला घेतला आणि पडद्यावर एक घोडा आला. हाडामांसाचा नव्हे, शाईनं काढलेला. मागं माशाची शेपटी. चालता चालता त्याला कधी चार पाय दिसत, कधी पाच. चंद्र उगवला तो झाडाच्या अलीकडं. काढणाऱ्याला मधूनच डुलकी लागत असावी.

"ह्यो... ह्यो घोडा," हुसेनसाब खाकरले, "आपल्या आईला हुडकाया निघालाय!"

घोड्यानं विहिरीत उडी टाकली आणि तो आभाळात जाऊन पडला. तिथं चांदण्या कोंबड्यांसारख्या दाणे टिपत होत्या. बायका लुगड्याचा ओचा सावरतात तशी झाडांनी मुळं वर उचलली आणि ती घोड्यामागून चालू लागली. मग एका अजस्र माशानं जबडा उघडला. आत कंदिलांनी उजळलेला अख्खा बाजार! घोडा त्यात शिरला, आणि पडदा पांढराफटक पडला. डबा संपला होता.

कुणी जागचं हललं नाही. हुसेनसाबही तोंड उघडं टाकून बघत राहिले होते. मधली सगळी गोष्ट सांगायची राहून गेली, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही पेटी आली नाही. पुन्हा घोडाच लागला. हुसेनसाब रंगात येऊन म्हणाले, "बायकूच्या शोधात निघालेला ह्यो बिचारा..."

"ए सायबा!" पुढच्या रांगेतून आवाज आला. पानं विकणारी काशम्मा मांडीवरची टोपली सावरत उभी राहिली होती. "काल आई म्हनलास की! आज बायकू कुटनं आली?"

"आईनंच... आईनंच तर धाडलंय, सून आन म्हनून!"

तंबू हसून हसून लोळला. तिसऱ्या दिवशी हुसेनसाब पक्की गोष्ट जुळवून आले. घोड्याची खरी शेपटी चोरीला गेलीय, ही माशाची उसनी आहे, आणि तो आपली शेपटी हुडकतोय. लोकांना पटलंही. पण खुर्चीवरून आबासाहेब उठले. हे मोहोळच्या कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. चित्र सदोष आहे असं ते रोज म्हणत, आणि ते दोष नीट बघता यावेत म्हणून रोज पुढची खुर्ची धरत.

"शेपूट चोरीला गेलं, मान्य," ते म्हणाले. "मग हा पाचवा पाय कुणाचा चोरलाय?"

गावभर वाद पेटला. गिरणीत मागावर तीच चर्चा, चहाच्या दुकानात तीच. विणकर म्हणायचे, घोडा पाणी हुडकतोय. काशम्मा गिऱ्हाइकाला पान देता देता सांगायची की तो काही हुडकत नाही, नुसता हिंडतोय. खरं काय ते बघायला माणसं फिरून तंबूत येत, आणि झाडं चालू लागली की वाद विसरून गप्प होत.

अखेर एके दिवशी आबासाहेबांनी भर खेळात काठी आपटली. "हुसेनसाब, तुम्हाला ही गोष्ट ठाऊकच नाही. कबूल करा."

हुसेनसाबांचे कान तापले. सांगणाऱ्याला गोष्ट ठाऊक नाही म्हटल्यावर त्याला स्टुलावर कोण उभं करणार? "ठाव न्हाय कशी? शेवटचा भाग याचाय अजून! त्यात समदं कळंल!"

मानसिंगनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शेवटच्या भागाची दवंडी पिटवली.

"अवो, असला भाग न्हाय!" हुसेनसाब हवालदिल झाले.

"न्हाय कसा? तार केलीया की मी मुंबईला, पेटी धाडनाऱ्या कंपनीला."

हुसेनसाबांनी मनातल्या मनात नवस केला की तो भाग येऊ नये. तो आला. आधी एकदा बघू तरी द्या, म्हणून ते मानसिंगच्या मागं लागले, पण डबा तंबूत पोचला तेव्हा लोक बसलेही होते. मैंदर्गीहून बैलगाड्या जोडून माणसं आली होती.

घोडा कंदिलांच्या बाजारातून चालत एका बंद दारापाशी आला. दार उघडलं. आत एक ढेरपोट्या पोट धरून कण्हत बसला होता. घोड्यानं त्याला एक बाटली दिली. ढेरपोट्या टुणकन उठून नाचायला लागला, आणि पडद्यावर मोठाली अक्षरं उमटली. आबासाहेबांनी कचेरीतल्या सवयीनं ती मोठ्यांदा वाचली :

"पोट साफ, दिवस साफ. अश्वराज सारक गोळ्या."



"जुलाब?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

काशम्मा ताडकन उठली. "खोटं हाय ह्ये! ह्यो पडदा खोटं बोलतोय!" आणि ती हुसेनसाबांकडं वळली. "सायबा, तू सांग. तुला ठावं हाय."

सगळ्या माना वळल्या. इतके दिवस ज्यांचा शब्द कुणी धड टिकू दिला नव्हता, त्यांच्याच तोंडाकडं आता अख्खा तंबू आशेनं बघत होता. हुसेनसाबांनी धास्तावून आबासाहेबांकडं पाहिलं. आबासाहेबांनी काठी घट्ट धरली होती.

"सांगा की हो हुसेनसाब," ते अगदी काकुळतीनं म्हणाले.

"ह्यो तुकडा..." हुसेनसाबांनी छाती भरून घेतली, "दुसऱ्याच खेळाचा हाय! आगगाडीत डबं बदललं!"

"तरीच!" तंबूत एकच गलका उठला. टाळ्या, शिट्ट्या, टोप्या उडाल्या. आबासाहेब शेजारच्याला समजावू लागले, "मी बघताक्षणी ओळखलं. या घोड्याची चालच निराळी आहे."

वाडीहून पेटी आली. पौराणिक खेळ लोकांनी हात जोडून पाहिला आणि तो संपताच बाकं वाजवली : "घोडा! घोडा!" तिप्पण्णानं पहिला डबा चढवला.

त्या दिवशी हुसेनसाब स्टुलावर चढले नाहीत. दिवे मालवल्यावर ते गुपचूप काशम्माशेजारी येऊन बसले. घोड्यानं विहिरीत उडी टाकली. चांदण्यांनी दाणे टिपले. झाडांनी मुळं उचलली.

"अम्मा," हुसेनसाब कुजबुजले, "खरं सांग, काय हुडकत असंल ह्यो?"

काशम्मानं पडद्यावरची नजर न काढता टोपलीतलं एक पान त्यांच्या हातावर ठेवलं.

"गप बस की सायबा. बघू दे."