अख्खं कार्ड

सामंत कटिंग चहा पीत नसत. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमच्या गाळ्याखाली चहाची टपरी होती आणि सगळी इस्टेट कटिंगवर जगायची. सामंत मात्र अख्खा चहा मागवायचे, अर्धा प्यायचे आणि उरलेल्याकडे बघत खिन्न बसायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, मग कटिंगच घ्या ना. पिता तेवढाच." तर म्हणाले, "कटिंग म्हणजे कोणीतरी आधीच अर्धा काढून घेतलेला. माका सगळा व्हया. टाकूचा तर माझा मी टाकीन."

हे "माका सगळा व्हया" आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकायचो. माणूस मालवणकडचा, वय पन्नाशीचं, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्यांना वर्तमानपत्राचं मधलं पान वेगळं काढलेलं चालत नसे. काढलंत, तर ते त्या दिवशी पेपरच वाचत नसत. ऑफिसातली एखादी भानगड सांगायला जावं तर हात वर करायचे. "आधी नाव सांग. मग गाव, मग घरात कोण कोण. भानगड शेवटी." तोवर सांगणाऱ्याची हौस फिटलेली असायची. बायकोशी भांडून आलेला आमचा हिशेबनीस एकदा मन मोकळं करायला त्यांच्याकडे गेला आणि सासऱ्याच्या गावाचा तालुका सांगता सांगता कंटाळून परत आला.

स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही. घाटकोपरला एका खोलीत राहतात, एवढंच माहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच यायचा. मी तिथे डेटा एंट्रीला होते, दिवसभर टाइप करून बोटं मोडायची आणि वर हे येऊन म्हणायचे, "शैला, ह्या पत्त्यात पिनकोड नाय. अर्धवट कित्या ठेवलंस?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे एक युनिक्सवाला कॉम्प्युटर होता. त्याला एसी होता, आम्हाला नव्हता. त्याच्याशी नीट बोलता यायचं फक्त सामंतांना. कुठून तरी मिळवलेल्या जाड झेरॉक्स पुस्तकातून ते सगळं शिकले होते. त्यातलं एक पान कमी होतं, आणि कुठलीही गोष्ट अडली की त्यांची खात्री असायची की उत्तर नेमकं त्याच पानावर होतं.

टीबीच्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम आमच्याकडे आलं. प्रत्येक पेशंटचं सात ओळींचं कार्ड. नंबर, नाव, वय, पत्ता, जवळचा नातेवाईक, शेवटी कधी आला ती तारीख आणि शेरा. ज्याने औषध मध्येच सोडलं त्याचा शेरा 'डिफॉल्टर'. दवाखान्याच्या सिस्टर दर महिन्याला अशांची यादी न्यायच्या आणि दारोदार जाऊन त्यांना पुन्हा औषधावर आणायच्या. औषध सुटलेला माणूस शोधला नाही तर जातो. एवढं साधं होतं ते.

पहिली यादी आमच्या मेहताशेठनी स्वतः काढली. सामंत रजेवर होते आणि शेठना 'ग्रेप' ही एकच आज्ञा येत होती. शब्द द्यायचा, तो शब्द ज्या ओळीत असेल ती ओळ बाहेर येते. शेठनी शब्द दिला 'डिफॉल्टर'. यादी छापून आली. डिफॉल्टर, डिफॉल्टर, डिफॉल्टर, पानभर. नाव नाही, पत्ता नाही. सिस्टरनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "छान आहे. आता ही घेऊन मी कोणाच्या दारात उभी राहू?"

सामंत रजेवरून आले आणि तो कागद बघून पांढरे पडले. "माणूस खंय गेलो?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी 'ऑक' नावाची दुसरी आज्ञा काढली. मला समोर बसवून समजावलं. "बघ गो, ग्रेपाक एक ओळ म्हणजे सगळा जग. ऑकाक आपण सांगूचा, ओळ बघू नको, कार्ड बघ. दोन कार्डांच्या मधी रिकामी ओळ आसा मा? रिकामी ओळ इली की कार्ड संपला असा समज. आता कार्डात खंयपण डिफॉल्टर गावलो तर सगळा कार्ड दी." एका ओळीची आज्ञा होती. एंटर मारलं आणि धडाधड अख्खी कार्डं बाहेर आली. सामंतांनी त्या दिवशी चहा शेवटपर्यंत प्यायला.

पुढचे सात-आठ महिने काम झकास चाललं. सिस्टर यायच्या, यादी न्यायच्या, कोण सापडलं, कोण परत औषध घेतंय ते सांगायच्या. सामंत त्यांना नाव-गावापासून विचारायचे आणि त्या बिचाऱ्या सांगायच्या.

मग एका दुपारी सिस्टर आल्या त्या बसल्याच नाहीत. असल्फ्याच्या झोपडपट्टीत जयराम घाडी म्हणून एक जण खोलीत पडलेला सापडला होता. रक्ताच्या उलट्या. शेजाऱ्यांनी सरकारी इस्पितळात टाकला. सहा महिन्यांपूर्वी औषध सोडलेलं. "तुमच्या एकाही यादीत तो नव्हता," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या गल्लीतून दर महिन्याला जाते हो. चार घरं सोडून जाते."

सामंतांनी घाडीचं कार्ड काढलं आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मीही बघितलं. नातेवाईकाची ओळ रिकामी होती. कार्ड टाइप करताना ज्याला कोणी नाही त्याच्या त्या ओळीत मी काही न लिहिता एंटर मारून पुढे जायची. झालं! ऑकला वाटलं, कार्ड संपलं. वरचा तुकडा नाव-पत्ता घेऊन एकीकडे, खालचा तुकडा तारीख आणि शेरा घेऊन दुसरीकडे. घाडीचा शेरा यादीत येत होता, पण बिननावाचा.

"मग ते तुकडे यादीत दिसले कशे नाय?" सामंतांनी विचारलं.

दिसले असते. दर महिन्याला यायचे ते, दोन-दोन ओळींचे. मला वाटायचं, मशीनने काहीतरी घाण केली. छापायच्या आधी मी ते पुसून टाकायची. यादी स्वच्छ दिसावी म्हणून. सामंतांना दाखवावं असं एकदाही मनात आलं नाही, कारण दाखवलं असतं तर त्यांनी तासभर प्रवचन दिलं असतं. हे मी त्यांना तिथेच, सिस्टरच्या समोर सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे ज्यांका कोण नाय, नेमके तेच गळले," ते म्हणाले. "आणि रिकामी ओळ म्हणजे शेवट, ह्या मीच सांगितलेला."

मी म्हटलं, उद्याच त्या सगळ्या ओळींत 'कोणी नाही' असं टाइप करते, म्हणजे कार्ड फुटणार नाही. ते म्हणाले, नको, मी करतो. रविवारी एकटे ऑफिसात येऊन बसले. सोमवारी नवी यादी निघाली, आणि ती वाचताना सिस्टर मध्येच थांबल्या. "सामंत, हे काय?" ज्यांची ज्यांची ओळ रिकामी होती, त्या प्रत्येकाच्या कार्डावर जवळचा नातेवाईक म्हणून एकच नाव होतं. सामंत, आणि पुढे आमच्या ऑफिसचा फोन नंबर.

मी नंतर त्यांना झापलं. "दवाखान्याचे कागद आहेत ते. खोटं लिहितात का कोणी? 'कोणी नाही' एवढंच तर लिहायचं होतं."

"मी ताच लिवूक बसलंय," ते म्हणाले. "हात वळाक नाय गो."

जुने सुटलेले बरेच जण सिस्टरना त्या यादीमुळे सापडले. काही खोल्यांत दुसरेच भाडेकरू निघाले, मागच्यांचं काय झालं कोणाला माहीत नव्हतं. सामंत रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेला इस्पितळात जायला लागले, घाडीकडे. तिथल्या वहीतही आमच्या ऑफिसचाच नंबर लिहून आले. मी गेले नाही. मला धीरच झाला नाही. तीन आठवड्यांनी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. मीच उचलला. जयराम घाडीचे नातेवाईक आहेत का, म्हणून विचारत होते.

मी सामंतांबरोबर गेले. खिडकीवरच्या क्लार्कने फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाला, मयताची माहिती भरा. सामंतांनी कुठलाही कागद न बघता भरली. पूर्ण नाव, आईचं नाव, गाव, वाडी, कुठल्या मिलमध्ये कुठल्या खात्यात होता, मिल कधी सुटली. अक्षर सुरेख, एक ओळ सोडली नाही. नात्यापुढे 'भाऊ' लिहिलं. शेवटी क्लार्क म्हणाला, "तुमच्या घरचं अजून एक नाव द्या. तुम्ही नाही भेटलात तर कोणाला कळवायचं?"

सामंत पेन धरून उभे राहिले. मी त्यांच्या कोपराला कोपर लागेल इतकी जवळ उभी होते. माझं नाव सांगायला कितीसा वेळ लागला असता! पण मनात आलं, उगाच सरकारी कागदावर आपलं नाव, उद्या घरी फोन आला तर नवऱ्याला काय सांगू. तेवढ्यात सामंतांनी पेनाला टोपण लावलं.

"ही ओळ रिकामी राहिली तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

"चालेल," क्लार्क म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.