प्रमाणित बोलणी

रोक्काव्हेंतो गावात गुरुवारी दुपारी न्योक्की खायची, हे कुणी ठरवलेलं नाही आणि कुणाच्या बापाला मोडता येणार नाही. त्यामुळे निवृत्त बसचालक ओरेस्ते दर गुरुवारी एर्सीलियाच्या खानावळीत, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या टेबलावर बसत असे. न्योक्की म्हणजे बटाट्याचे मऊ गोळे. ते त्याला घरीही उकडता आले असते. घरी मिळत नव्हती ती बोलणी. ताट आदळताना एर्सीलिया त्याला नेमाने झापायची, "मेल्या, शर्टाचं बटण अजून तुटलेलंच? वरून बायको बघत असेल, तिला काय वाटत असेल?" बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओरेस्तेच्या बटणाकडे लक्ष देणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि म्हणूनच तो ते बटण लावून घेत नव्हता.

घात केला तो कोपनहेगनच्या एका प्रवाशाने. वाट चुकून तो आत शिरला, शेजारच्या टेबलावरची बोलणी त्याने ऐकली आणि फोनवरून जगाला कळवलं की इथली म्हातारी गिऱ्हाइकांना झापते, अर्थात जागा अस्सल आहे. बघता बघता गल्लीत रांग लागली. रांगेतल्या प्रत्येकाला असं ठिकाण हवं होतं, जिथे दुसरा प्रवासी येत नसेल. अशातच हॉलंडच्या एका कुटुंबाने नगरपालिकेकडे तक्रार केली, की जेवण उत्तम होतं, परंतु आम्हांला कुणीही झापलं नाही.

नगरपालिकेने तक्रारीची गंभीर दखल घेतली. तातडीने 'अस्सलपणा संवर्धन कक्ष' स्थापन झाला आणि आजवर पार्किंग सांभाळणारे प्रोस्पेरी साहेब त्याचे प्रमुख झाले. साहेबांनी फर्मान काढलं: प्रमाणित खानावळीत न्योक्की रोज मिळावी, बोलणी सर्व गिऱ्हाइकांस कोणताही भेदभाव न करता देण्यात यावीत, आणि रस्त्यावरून स्पष्ट दिसेल अशा बेताने खिडकीत निदान एक स्थानिक रहिवासी जेवत असावा. एर्सीलियाने सर्वांत आधी साहेबांचीच खरडपट्टी काढली. साहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि नमुना म्हणून मंजूर केली. प्रमाणपत्र नसेल तर गल्लीत टेबलं मांडायची परवानगी जाणार होती, तेव्हा तिनेही मुकाट्याने मान तुकवली.

स्थानिक म्हणून अर्थातच ओरेस्तेची वर्णी लागली. त्याला स्वयंपाकघराच्या दारापासून उचलून खिडकीत नेऊन बसवलं.

"साहेब, इथून मला स्वयंपाकघर दिसत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला काही दिसायची गरज नाही," साहेबांनी समजावलं. "तुम्ही दिसायला हवेत."

प्रवाशांना भूक लवकर लागते, म्हणून ओरेस्तेलाही ती लवकर लागेल असं ठरलं. गावात जेवणाचा कुणी विचारही करत नाही अशा वेळी तो खिडकीत बसून जेवू लागला. पहिल्याच तपासणीत शेरा आला: हातवारे अपुरे, आवाज नाही. स्थानिक मनुष्य जेवताना निदान सरकारला तरी शिव्या देतो, असं साहेबांचं म्हणणं पडलं. ओरेस्ते म्हणाला, तोंडात घास आहे. हे उत्तर संशयास्पद वाटून साहेबांनी चौकशी लावली, आणि भलतंच उघडकीस आलं. ओरेस्तेचा जन्म डोंगरापलीकडच्या सान बेर्तोचा निघाला.

तसं हे गावाला पाठ होतं. लग्न करून तो इकडे आला, साऱ्या गावाला बसमधून बाजारात नेलं-आणलं, तरी चिडलं की जो तो त्याला 'पलीकडचा' म्हणायचा. पलीकडची न्योक्की शेळीसुद्धा खाणार नाही, हे रोक्काव्हेंतोचं पोर बोलायला लागतं तेव्हाच शिकतं. पण टोमणा तो टोमणाच, जेवणं झाली की विरून जायचा. कक्षाने त्यावर शिक्का मारला.

"म्हणजे मी आता कोण?" ओरेस्तेने विचारलं.

"पाहुणे," साहेब अदबीने म्हणाले. "गावात आपलं स्वागत आहे."

पुढच्या गुरुवारी पाहुणा रांगेत उभा राहिला. त्याला मधलं टेबल मिळालं. शेजारी पिंपाएवढा एक जर्मन गृहस्थ बसला होता. एर्सीलिया ताटं घेऊन आली आणि त्याला म्हणाली, "खा रे बाळा, किती वाळलास!" मग ती ओरेस्तेकडे वळली. साहेब दारातच उभे होते. "खा रे बाळा, किती वाळलास!" ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओरेस्तेने बटण तुटलेला तोच शर्ट मुद्दाम घातला होता. त्याला रडूच आलं. न्योक्की तशीच टाकून तो उठला आणि पोटात आग पडेपर्यंत गावभर हिंडला.

शेवटी त्याने चौकातलं ते हॉटेल गाठलं. दाराशी ताटांचे फोटो लावलेले, उन्हाने त्यांतला टोमॅटोचा रस्सा निळा पडलेला, वर प्रत्येक देशाचा झेंडा. शहाणा प्रवासी ज्याला दुरूनच हात जोडतो, तसलं हॉटेल. ओरेस्ते आत गेला आणि जागीच थबकला. आत सगळा गाव बसला होता. पाद्रीबाबा होते, औषधवाला होता, आणि कोपऱ्यात गळ्याला रुमाल बांधून खुद्द प्रोस्पेरी साहेब ताटात तोंड खुपसून बसले होते. एकमेकांवर ओरडून साऱ्यांचे घसे बसले होते. फोटोत नसलेली न्योक्की इजिप्तचा आचारी सोभी फक्त गुरुवारी करायचा.

ओरेस्तेने घास उचलला, तेवढ्यात मागच्या दाराने एर्सीलिया आली. प्रवाशांची जेवणं आटोपली की ती इथेच जेवायची.

"पलीकडच्या, माझं ताट टाकून उठतोस?" ती त्याच्या डोक्याशीच उभी राहिली. "लाज नाही वाटत? आणि ते बटण! सोभी, सुईदोरा आण. काढ तो शर्ट."

ओरेस्तेने शर्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला. "पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला, आणि जेवू लागला.

बाहेर एक जोडपं फोटोंपाशी थांबलं. आतले सगळे काटेचमचे जागच्या जागी थांबले. "हे असलं प्रवाशांसाठी असतं," बाई नाक मुरडून म्हणाली, आणि दोघं पुढे गेली. काटेचमचे पुन्हा वाजू लागले.

मागच्या सुट्टीत तुम्हीही तिथूनच पुढे गेलात. गाव तुमचं आभारी आहे. अस्सल जागेची रांग डाव्या हाताच्या गल्लीत लागते.