मकरंदचं फिनलंड

मकरंद आपटे नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाही. नमस्कार झाला की थेट विचारतो, "तुमच्या देशाचा राष्ट्रीय मासा कोणता?"

आमच्याकडे मॉरिसव्हिलला, म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, गणपतीचं जेवण होतं, तेव्हा त्याने हा प्रश्न मालवणच्या एका काकांना विचारला. काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला आणि म्हणाले, "देशाचं ठाऊक नाही, पण आमच्या घरचा विचाराल तर बांगडा."

"फिनलंडचा पर्च," मकरंद म्हणाला. "त्यांचा राष्ट्रीय किडासुद्धा आहे. सात ठिपक्यांचा, लाल."

"किडा कशाला लागतो देशाला?"

"फिनलंडमध्ये असं विचारत नाहीत, काका."

आता या माणसाने फिनलंडमध्ये कधी पाऊलही टाकलेलं नाही. तो मूळचा सांगलीचा, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, राहतो आमच्या बरोबर वरच्या अपार्टमेंटमध्ये. पण घरात शिरलात तर सांगलीची एक खूण सापडणार नाही. भिंतीवर फिनलंडचा हा भला मोठा नकाशा. सोफ्यावर पांढरी चादर आणि त्यावर निळ्या उशा, कारण पांढरा म्हणजे बर्फ, निळा म्हणजे तळी, आणि झेंडा म्हणजे हे दोन्ही. तळी किती, असं चुकूनही विचारू नका. सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा विचारलं आणि आमचा चहा गार झाला. दोन लाखांच्या जवळपास आहेत, हे मलाही त्या दिवसापासून पाठ आहे.

जुलैमध्ये आम्ही सगळे घामाने निथळत असलो की हा पार्किंगमध्ये उभा राहून हेलसिंकीचं तापमान जाहीर करतो. सहा डिसेंबरला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, खिडकीत दोन मेणबत्त्या लावतो. समोरच्या तेलुगू वहिनी पहिल्या वर्षी घाबरून विचारायला आल्या होत्या, वर कोणी गेलं का म्हणून.

"त्यांच्या राजचिन्हावर तलवार घेतलेला सिंह आहे," त्याने एकदा सांगितलं. "देशात सिंह एकही नाही."

"मग आणला कुठून?" सुधीरने विचारलं.

"मनातून," मकरंद गंभीरपणे म्हणाला. सुधीर हसला, मीही हसले.

सॉनाचा किस्सा तर आमच्या सगळ्या कॉम्प्लेक्सला माहीत आहे. फिनलंडमध्ये घरोघरी सॉना असतो म्हणे, तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत बसायची खोली. मकरंदने पार्किंगजवळच्या फुलांच्या वाफ्यातले गोटे उचलून आणले, तासभर ओव्हनमध्ये भाजले, परातीत घालून बाथरूममध्ये नेले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. आपल्या लोकांना इथे स्मोक अलार्म फोडणीमुळे चांगलाच परिचयाचा असतो. वाजला की खिडक्या उघडायच्या आणि वर्तमानपत्राने वारा घालायचा. पण मकरंद पंचा नेसून दार लावून बसलेला, त्याला वाटलं वाजतोय तो आमच्याच घरातला अलार्म, मी मोहरी जाळली. शेवटी सगळी बिल्डिंग खाली उतरली, बंब आला. हा पंचा सावरत जिन्यावरून आला, हातात मेपलची डहाळी. बर्च मिळाला नाही म्हणून मेपल. वाफेत बसून त्या डहाळीने अंगावर मारून घ्यायचं असतं. बंबावरचा उंचापुरा जवान त्याच्याकडे बघतच राहिला. मकरंदने त्याला इंग्रजीतून अदबीने सांगितलं, "खरं तर दगड ग्रॅनाइटचे हवेत. तो त्यांचा राष्ट्रीय दगड आहे."

लोक हसायचे, मीही हसायचे. पण कारण माहीत होतं म्हणून पोटभर हसवायचं नाही.

त्याची मुलगी ईरा हेलसिंकीला असते. मकरंद आणि मंजिरीचं पटलं नाही. भांडणतंटा न करता दोघं वेगळे झाले. मंजिरीला तिकडे चांगली नोकरी लागली आणि पाच वर्षांची ईरा आईबरोबर गेली. मकरंदला भेटायला जाता येत नव्हतं. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली, ग्रीनकार्ड रांगेत. एकदा देशाबाहेर गेलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि तोवर नोकरी थांबत नाही. उरला रविवारचा फोन. परदेशी फोनसाठी मिळणाऱ्या कॉलिंग कार्डावर तो एवढ्या मोठ्याने बोलायचा की छतातून शब्दन् शब्द खाली यायचा. "ईरा, तुमचा हंस पाहिलास का? तुमचं अस्वल?" अर्धा तास तो फिनलंडमधल्या मुलीला फिनलंड सांगायचा.

एकदा लाँड्रीत कपडे घडी घालताना मी म्हणाले, "अरे, जरा दुसरं काहीतरी बोल की तिच्याशी."

"काय बोलू, वहिनी? ती तिथलीच होणार. तिथलं मला काही कळलं नाही तर मी तिचा कोण? नुसता फोनवरचा माणूस?"

मी त्याचे मोजे जोडून दिले.

ती गेल्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, ईरा तीन आठवड्यांसाठी आली. सात वर्षांची पोर, विमानकंपनीच्या बाईच्या सोबतीने एकटी. एअरपोर्टला गाडी मी चालवली. ईरा बाहेर आली तेव्हा हा फिनलंडचा झेंडा हलवत उभा! तिने झेंड्याकडे बघितलं, बाबाकडे बघितलं आणि त्या बाईचा हात घट्ट धरला. सही झाली, बाई गेली. परतीच्या वाटेवर मकरंद बोलत होता आणि ईरा खिडकीबाहेर बघत होती.

रात्रीचं जेवण आमच्याकडे ठेवलं होतं. मी वरण-भात केला होता. मकरंद तिकडच्या राय नावाच्या धान्याचा, स्वतः भाजलेला ब्रेड घेऊन आला. सुधीरने एक तुकडा चावला आणि हळूच दाढ चाचपली.

"ईरा, सांग बघू, तुमचं राष्ट्रीय झाड?"

"माहीत नाही, बाबा."

"बर्च! आणि फूल?"

"माहीत नाही." तिने ब्रेड बाजूला सारला आणि वरणात बोट फिरवू लागली. मकरंदचा चेहरा उतरला. मला त्याच्याकडे बघवेना. दोन वर्षं ज्याची भीती होती ते आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं होतं.

मग ईरा म्हणाली, "आता मी विचारू? तुझ्या नॉर्थ कॅरोलायनाचा पक्षी कोणता?"

मकरंदने माझ्याकडे पाहिलं, मी सुधीरकडे, सुधीरने छताकडे. इतकी वर्षं इथे राहून तिघांपैकी एकालाही पत्ता नाही.

"कार्डिनल! लाल असतो. आणि प्राणी?"

"अस्वल?"

"खार!"

ज्या खारींना मी रोज बाल्कनीतून चप्पल दाखवते, त्या या राज्याच्या मानकरी निघाल्या.

"भाजी?"

"भेंडी?" मकरंदने चाचरत विचारलं.

"रताळं!" ईरा खुर्चीवर उभी राहिली. सुधीरला ठसका लागला, मी हसून हसून टेबल धरलं.

"तुला कुणी सांगितलं गं हे?"

"मी आणि आमच्या टीचरने शोधलं. मी सगळं पाठ केलं. दर संडेला तुला फोनवर सांगणार होते. पण तू मला बोलूच देत नाहीस, फिनलंडच सांगत बसतोस." मग म्हणाली, "शाळेत सगळ्यांना माहितीये. माझा बाबा रताळ्यांच्या देशात राहतो."

मकरंदने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाला, "अजून काय काय आहे माझ्याकडे?"

ईराने खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला चिकटवली आणि बोटं मोजत सांगू लागली. कासव. पाइनचं झाड. मकरंद मधे एक शब्द बोलला नाही.

"आणि प्यायचं काय, माहितीये? दूध!"

"आणतो," म्हणून तो झटकन उठला. फ्रिज उघडला आणि आमच्याकडे पाठ करून उभाच राहिला. गार हवा सगळ्या स्वयंपाकघरात पसरली. सुधीर काही बोलणार होता, मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"बाबा, दोन चमचे साखर!" ईराने मागून हुकूम सोडला. तेव्हा कुठे तो हलला.